गाय अर्ध्या तासात गेली, शेजाऱ्यानं विष घातलं का? आधी कडवळाकडे बघा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की दोन गाई दावं तोडून बांधावरच्या कडवळात (चाऱ्यासाठी पेरलेल्या ज्वारीत) शिरल्या, कडवळ महिनाभराचं, मधे पावसानं ताण दिलेला आणि आठ दिवसांपूर्वी एक सर पडून गेलेली. अर्ध्या तासात एक गाय पडली, तोंडाला फेस, पाय झाडले आणि गेली. दुसरी थरथरायला लागली तोवर डॉक्टर पोचले, त्यांनी शिरेतून दोन इंजेक्शनं दिली आणि ती उभी राहिली. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण आहे म्हणून तुम्हाला घातपाताचा संशय येतोय आणि विषारी वनस्पतींची यादी पाहिजे.

यादी देतो, पण यादीनं काम होत नाही हे आधी सांगतो. 31 वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली, त्यातली बरीचशी सांगोला-मंगळवेढा पट्ट्यात, आणि विषबाधेच्या बहुतेक केसमध्ये झाड कोणतं यापेक्षा जनावर किती उपाशी होतं आणि ते झाड त्या दिवशी कुठल्या अवस्थेत होतं हेच महत्त्वाचं निघालं. पोट भरलेली गाय कण्हेरीला तोंड लावत नाही हो. आणि तुमच्या गाईला जे झालं ते शंभरातले नव्व्याण्णव टक्के किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा आहे. शेजाऱ्याचा काही संबंध नाही.

किराळ लागली हा शब्द तुमच्या आजोबांना नक्की माहीत असणार. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचं द्रव्य असतं, ते तसं निरुपद्रवी, पण त्याला फोडणारं एन्झाइम त्याच पानात शेजारच्या पेशींत वेगळं ठेवलेलं असतं. गाईनं पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटतं, म्हणजे सायनाइडच. त्यात गाई-म्हशीचं मोठं पोट म्हणजे कोमट पाणी आणि कोट्यवधी जंतूंची टाकी, तिथं हे काम अजून जोरात होतं. घोड्याच्या पोटात आम्ल जास्त असतं म्हणून त्याला त्यामानानं कमी धोका. हे सायनाइड रक्तातून पेशींत जातं आणि पेशींना ऑक्सिजन वापरूच देत नाही. ऑक्सिजन रक्तात भरपूर असतो पण घेणारं कोणी नाही, म्हणून गाय तोंड उघडून धापा टाकते आणि तरी तिचं रक्त लालभडक दिसतं. पापणीच्या आत बघितलं असतं तर तुम्हालाही तो लाल रंग दिसला असता.

हिशोब करून बघा. जनावराच्या दर किलो वजनाला साधारण 2 मिलिग्रॅम सायनाइड पोटात सुटलं तर ते जीव घ्यायला पुरतं. 400 किलोची गाय धरली तर 800 मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमसुद्धा नाही. ओल्या चाऱ्यात 200 पीपीएमच्या वर सायनाइड असेल तर तो धोक्याचा मानतात. 200 पीपीएम म्हणजे किलोला 200 मिलिग्रॅम, म्हणजे 4 किलो चारा झाला की संपलं. 4 किलो म्हणजे किती, एक बऱ्यापैकी पेंढी! उपाशी गाय पाच-दहा मिनिटांत एवढं ओरबाडते. आणि ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत हे प्रमाण 200 च्या बरंच वर जातं. हेच 4 किलो तिनं दिवसभरात थोडं थोडं खाल्लं असतं तर तिच्या यकृतानं ते निकामी करून लघवीवाटे बाहेर टाकलं असतं. म्हणून म्हणतो, उपाशी आणि एकदम, हे दोन शब्द लक्षात ठेवा.

आता तुमच्या कडवळात काय काय जमून आलं ते बघा. वय महिनाभर. पाण्याचा ताण, वाढ खुंटलेली. मग सर पडली आणि बुडातून नवीन फुटवे आले, आणि सगळ्यात जास्त विष त्या लुसलुशीत फुटव्यांतच असतं. वर तुम्ही लिहिलंय की पाऊस आल्यावर युरिया फेकला, म्हणजे राहिलेली कसरही भरून निघाली (नत्र भरपूर आणि स्फुरद कमी अशा जमिनीत हे प्रमाण वाढतं). रब्बीची ज्वारी काढल्यावर अवकाळी पाऊस झाला की धसकटं फुटतात ना, तिथंही हेच. लोक म्हणतात वावर रिकामं आहे, सोडा जनावरं, आणि त्याच आठवड्यात माझा फोन वाजायला लागायचा.

ज्या दोन इंजेक्शनांनी तुमची दुसरी गाय वाचली ती सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट असणार. पहिलं रक्ताचा थोडा भाग मुद्दाम बदलतं, तो बदललेला भाग सायनाइडला पेशींतून ओढून घेतो, आणि दुसरं त्या सायनाइडचं थायोसायनेट करून लघवीवाटे काढतं. दोन्ही शिरेतूनच, सावकाश, आणि वजनाच्या हिशोबानं, त्यामुळे हे घरी करायचं काम नाही. थायोसल्फेट म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओत फिल्म धुवायला वापरायचे तो हायपो. नोकरीच्या सुरुवातीला दवाखान्यात स्टॉक नसला की मी गावातल्या स्टुडिओवाल्याकडून हायपो आणून ठेवायचो, गाईला साधारण 30 ग्रॅम पाण्यातून पोटात दिला की पोटातलं उरलेलं विष तिथंच अडकतं. गिळता येत असेल तरच हां, ही अट विसरू नका.

कारण पाजण्यानं मेलेली जनावरं मी कमी बघितली नाहीत. गाय पडली की वाड्यावर दहा माणसं जमतात, एक म्हणतो ताक पाजा, दुसरा म्हणतो गोडेतेल, तिसरा चिंचेचं पाणी घेऊन येतो, कोणीतरी नळकांडं घशात घालतं आणि झटके येणाऱ्या गाईच्या तोंडात दोन लिटर ओततात. ते सगळं फुफ्फुसात. विषातून उठलेली गाय मग चार दिवसांनी न्यूमोनियानं जाते आणि लोक म्हणतात विष अंगात भिनलं होतं. गूळपाणी तेवढं पूर्वीपासून देत आलेत, गाय उभी असेल आणि स्वतःहून पीत असेल तर द्या, मी अडवत नाही, पण तोच उपाय समजून बसू नका. त्यापेक्षा तिला छातीवर बसती ठेवा, आडवी पडू देऊ नका, मान सरळ, आणि लगेच 1962 ला फोन, फिरता दवाखाना त्याच नंबरावर येतो. फोनवर “गाय पडली” एवढंच सांगू नका, “कोवळी ज्वारी खाल्ली” असं सांगा, म्हणजे येताना औषध घेऊन येतील. 

आता इथं एक बारीक गोष्ट आहे, तरुण डॉक्टर मंडळीही वाचत असतील म्हणून सांगतो. हुबेहूब अशीच अचानक पडणारी गाय नायट्रेटच्या विषबाधेतही दिसते. बाजरी, मका, हत्तीगवत, काटेमाठ, यांना ताण बसला आणि नंतर पाणी-युरिया मिळालं की झाड नायट्रेट ओढून खोडाच्या बुडाशी साठवतं, ढगाळ हवा असेल तर अजूनच. गाईच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्त ऑक्सिजन उचलायचं बंद करतं. तिथं रक्त लाल नाही, चॉकलेटी, जुन्या काकवीसारखं दिसतं. त्याला औषध मिथिलीन ब्लू. आणि अशा गाईला किराळ समजून सोडियम नायट्राइट टोचलं तर आगीत रॉकेल, कारण तिला झालंय तेच नायट्राइटनं. म्हणून सुई घालायच्या आधी कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त पांढऱ्या कापसावर घ्या. लाल की चॉकलेटी, दहा सेकंदांचं काम आहे. कडू बदामाचा वास येतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे कडू बदाम हुंगलाय कोणी, आणि काही माणसांना तो वास जन्मजातच येत नाही. मला येत नाही. 

चाऱ्याच्या बाबतीतही दोघांचा स्वभाव उलटा. किराळीचं विष पूर्ण वाळवल्यावर बरंचसं उडून जातं, म्हणून कडब्यानं किराळ लागल्याचं ऐकणार नाही तुम्ही. नायट्रेट वाळवून जात नाही, ते वाळल्या वैरणीतही तेवढंच राहतं, मुरघासात (हवाबंद करून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यात) मात्र बऱ्यापैकी उतरतं. म्हणून शंका असलेली बाजरी किंवा मका वीतभर बूड सोडून वरून कापायची.

आता तुम्ही मागितलेली यादी. पहिली कण्हेर. लाल-गुलाबी फुलाची असो की पिवळी बिट्टी, दोन्हींत हृदयावर काम करणारं विष आहे आणि ते भयानक तीव्र आहे, मोठ्या गाईला दहा-वीस पानं पुरतात. गाय ताजी कण्हेर सहसा खात नाही, कडू असते. पण कापून टाकलेली, अर्धी सुकलेली, गवताच्या कचऱ्यात मिसळलेली कण्हेर ती खाते, आणि सुकली तरी विष तसंच्या तसं असतं. हायवेच्या दुभाजकात सगळीकडे कण्हेर लावलीय, तिची छाटणी करून ट्रॉलीनं कडेला ओततात आणि तिथंच धनगरांची, गावाची जनावरं चरतात. देवळामागं निर्माल्याच्या ढिगावर चरणाऱ्या गाईंचंही तेच. यात गाय हगवण करते, कण्हते, नाडी कधी मंद कधी वेडीवाकडी, चार पावलं चालवली तरी कोसळते.

यातली माझी एक चूक सांगतो, आजही आठवली की झोप लागत नाही. नोकरीचं तिसरं का चौथं वर्ष, आठवड्यापूर्वी व्यालेली जर्सी, बसून राहिलेली, कान थंड, मी न विचारता मिल्क फिवर (व्याल्यावर कॅल्शियम कमी पडून होणारा आजार) धरला आणि कॅल्शियमची बाटली शिरेत लावली. अर्धी बाटलीही गेली नाही आणि गाय हातात गेली. पोस्टमॉर्टेमला पोटात कण्हेरीची पानं, लांबट, मधे ठळक शीर, ओळखू येण्यासारखी. घरच्या पोरानं परसातली छाटलेली कण्हेर गव्हाणीजवळ टाकली होती. कण्हेरीनं आधीच बिघडलेल्या हृदयाला शिरेतलं कॅल्शियम मारक ठरतं हे कॉलेजात शिकलो होतो, पण त्या दिवशी आठवलं नाही. तेव्हापासून कुठल्याही पडलेल्या गाईजवळ गेलो की आधी गव्हाण बघतो, मग उकिरडा, मग गाय. मालकाला वाटतं हा डॉक्टर फिरतोय काय नुसता.

घाणेरीचं, काहीजण टणटणी म्हणतात, काम सावकाशीचं. डोंगरकडेला, माळावर, जंगलाच्या कडेनं माजलेली असते. गावात वाढलेली जनावरं तिला ओळखून सोडतात, पण बाजारातून नवीन आणलेली, किंवा दुष्काळात लांबून चरायला आलेली खातात. हे विष यकृतावर बसतं. दोन-तीन दिवसांत गाय खाणं सोडते, रवंथ बंद, शेण कडक गोळ्यांचं, डोळे पिवळे. आणि मग कातडी. यकृत बिघडल्यानं हिरव्या चाऱ्यातलं एक रंगद्रव्य शरीराबाहेर जात नाही, रक्तात साठतं, आणि ऊन पडलं की कातडी भाजून निघते. काळ्या-पांढऱ्या एचएफ गाईत हे असं दिसतं की शिकवायची गरज नाही, काळे पट्टे जसेच्या तसे आणि पांढरे पट्टे सुजून, चिरून, सोलून निघालेले, जणू कोणी पट्टीनं आखून जाळलंय. मालक म्हणतो ॲसिड फेकलं कोणीतरी! (इथंही बिचारा शेजारीच.) घाणेरीची गंमत म्हणजे ती पोटच बंद पाडते, त्यामुळे खाल्लेला पाला आतच पडून राहतो आणि त्यातून विष रोज थोडं थोडं चढत राहतं. म्हणून नुसती सलाईन लावून भागत नाही, पोट रिकामं करावं लागतं, कोळशाची पावडर किंवा बेंटोनाइट द्यावं लागतं, आणि दोन-तीन आठवडे गाय सावलीत. भर उन्हात बांधून मलम लावणारे लोक बघितलेत मी.

बाकीच्यांवर फार वेळ घालवत नाही. गाजर गवत, पुण्यात 1955 च्या सुमाराला पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज कुठं नाही ते सांगा, जनावर ते नाइलाजानं खातं, अंगाला खाज, केस गळतात आणि दूध कडू लागतं. डेअरीवाला दूध परत पाठवायला लागला की आधी हेच तपासा. बेशरम जास्त करून शेळ्यांना बाधते, महिना-महिना खाल्ल्यावर मान हलते, तोल जातो. धोतऱ्यानं डोळ्याची बाहुली मोठी होते, तोंड कोरडं, पोट गच्च. एरंडाच्या बिया आणि कुंपणाचा मोगली एरंड, रक्ती हगवण. गोखरू, म्हणजे नदीकाठचं ते अंगाला चिकटणारं शंकेश्वर, वाढलेलं झाड सोडून द्या पण पूर ओसरल्यावर गाळात त्याची दोन पानी रोपं हिरवीगार उगवतात ना, ती फार वाईट. सुबाभूळ विष नाही, चारा आहे, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेली की शेपटीचे केस गळतात. आणि उसाचं वाढं, त्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, सीझनभर नुसत्या वाढ्यावर ठेवलेली दुभती गाय खंगते, त्यावर चुन्याची निवळी शिंपडायची जुनी पद्धत शंभर टक्के बरोबर आहे. तणनाशकाबद्दल एक लक्षात ठेवा, टू-फोर-डी मारलेलं तण सुकायच्या आधी जनावराला उलट जास्त चवदार लागतं आणि त्यात नायट्रेटही वाढतं, एरवी नाक मुरडून सोडलेली काटेमाठ गाय त्या आठवड्यात आवडीनं खाते.

घातपात होतच नाही असं मी म्हणत नाही. गुंजेच्या बिया वाटून, त्याची सुई करून, वाळवून जनावराच्या कातडीत खुपसायची, कातड्यासाठी जनावरं मारायचा हा प्रकार ब्रिटिश काळापासून पोलिसांना आणि आमच्या पुस्तकांना माहीत आहे, सुई किंवा सुतारी म्हणतात त्याला. पण तिथं टोचल्या जागी सूज येते आणि जनावर दोन-चार दिवसांनी जातं, अर्ध्या तासात नाही. कीटकनाशक पाजलं असेल तर लाळ पाण्यासारखी गळते, बाहुली टाचणीएवढी होते, सारखी हगते-मुतते. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही.

तरी संशय असेल किंवा विमा असेल तर पुरायच्या आधी पोस्टमॉर्टेम करून घ्यायला हवं होतं, कानातला बिल्ला तसाच ठेवून. पुढच्या वेळेसाठी सांगतो, पोटातला चारा, यकृत, मूत्रपिंड वेगवेगळ्या बरणीत, मिठाच्या संपृक्त पाण्यात, असं सरकारी डॉक्टर प्रयोगशाळेला पाठवतात. सायनाइडचा संशय असेल तर बरणी घट्ट बंद आणि बर्फात, कारण ते उडून जातं. मात्र अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल तर ते काळपुळीचं म्हणजे अँथ्रॅक्सचं असू शकतं, ते उघडायचंच नाही, कातडंही काढायचं नाही.

तुमची जी गाय उठली तिच्याबद्दल. किराळीत लक्षणं सुरू झाल्यापासून दोन तास काढले की जनावर बहुतेक वाचतं, त्यामुळे काळजी करू नका. दोन दिवस कोरडा कडबा आणि पाणी, कोवळं हिरवं काहीच नको, गाभण असेल तर डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

आणि ते उभं कडवळ तुम्ही रागानं नांगरून टाकणार असं लिहिलंय, ते करू नका. आत्ता फक्त काट्या टाकून बंद करा. पोटरीत येऊन निसवलं, निम्मं फुलोऱ्यात आलं की त्यातलं विष उतरलेलं असतं, वाणाप्रमाणे 50-60 दिवसांच्या आत मात्र कापायचं नाही. तेव्हाही पहिले दोन दिवस आधी कडबा घालून मग थोडं थोडं कुट्टी करून वाळल्या वैरणीत मिसळून द्या. कापून अर्धवट सुकलेलं घालू नका, एकतर पूर्ण वाळवा नाहीतर मुरघास करा. बुडाला परत फुटवे आले तर दुसऱ्या कापणीलाही तेवढाच धीर धरा, पहिल्या कापणीला काही झालं नाही म्हणून दुसरीला वावरात गाई सोडणारे मला दरवर्षी भेटायचे.

आणि ते दावं नवीन घ्या, जुनं गाठ मारून वापरू नका.